कंपनांपासून वीज: थरथरणारी पट्टी नेमकी किती वीज देते?

उसाने भरलेली ट्रॉली पुलावरून गेली की पायाखालचा पूल हलल्याचं जाणवतं. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आवारात उभं राहिलं तर जमीन थरथरत असते. उपसा सिंचनाच्या पंपगृहात भिंतीला हात लावला तरी मोटारीची घरघर हाताला लागते. ही सगळी हालचाल वाया जाते, मग तिच्यापासून वीज का करत नाहीत, असा प्रश्न सहज पडतो. त्यातच 'गाड्या रस्त्यावरून धावतील आणि गावाला वीज मिळेल' अशा छापाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात.

कंपनांपासून वीज करता येते, हे खरं आहे. त्यासाठीचं सगळ्यात साधं साधन म्हणजे एका टोकाला घट्ट बसवलेली आणि दाबविद्युत पदार्थाचा थर दिलेली एक पातळ पट्टी. मात्र तिच्यातून किती वीज निघते आणि ती कशाला पुरते, हे समजलं की व्हिडिओतल्या दाव्यांची पारख घरबसल्या करता येते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ओळखीच्या जागा घेतल्या तर हा हिशेब आणखी सोपा होतो.

थोडक्यात

- काही पदार्थ दाबले, ताणले किंवा वाकवले की त्यांच्या दोन बाजूंमध्ये विद्युतदाब तयार होतो. याला दाबविद्युत किंवा पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात.
- यंत्राच्या कंपनाशी पट्टीची स्वतःची लय जुळली तरच तिच्यातून उपयोगी वीज मिळते.
- बोटाएवढ्या पट्टीतून मिळणारी वीज वॅटमध्ये मोजत नाहीत. ती वॅटच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते.
- या विजेवर घर किंवा रस्त्यावरचे दिवे चालत नाहीत. तिच्यावर चालतो तो छोटा बिनतारी सेन्सर, जो यंत्र बिघडण्याआधी सूचना देऊ शकतो.

दाबलं की वीज, हे कसं होतं?

स्वयंपाकघरातला गॅस लायटर हे याचं रोजचं उदाहरण. त्यात बॅटरी नसते. खटका दाबला की आतली छोटी हातोडी एका खास सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते, काही हजार व्होल्टचा विद्युतदाब क्षणभर तयार होतो आणि ठिणगी पडते. विद्युतदाब एवढा मोठा असूनही त्यातली ऊर्जा अगदी कमी असते. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्याभोवतीच फिरतो.

हा परिणाम 1880 मध्ये फ्रान्समधल्या जॅक आणि पिएर क्यूरी या भावांनी क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवून दिला. अशा स्फटिकात धन आणि ऋण भार एका ठरावीक मांडणीत असतात. स्फटिक दाबला की ही मांडणी किंचित सरकते, एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण भार जास्त होतो. दाब काढला की मांडणी पूर्ववत होते. उलटंही घडतं, म्हणजे विद्युतदाब दिला की स्फटिक किंचित आकुंचन किंवा प्रसरण पावतो. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो तो याच उलट्या परिणामामुळे. सोनोग्राफीच्या उपकरणात तर दोन्ही परिणाम वापरले जातात: आधी विजेपासून ध्वनिलहरी, मग परत आलेल्या लहरींपासून वीज.

वीज गोळा करण्यासाठी क्वार्ट्झपेक्षा लेड झिर्कोनेट टायटेनेट हे सिरॅमिक जास्त वापरतात. त्याला पीझेडटी म्हणतात. तेवढ्याच दाबाला ते क्वार्ट्झपेक्षा कितीतरी जास्त भार तयार करतं.

मग पट्टीच का वापरायची?

सिरॅमिकचा ठोकळा हाताने दाबला तर तो जवळजवळ दबतच नाही. म्हणून त्याला वाकवण्याची युक्ती वापरतात. शाळेत बाकाच्या कडेवर पोलादी पट्टी अर्धी बाहेर ठेवून, एक टोक हाताने दाबून दुसरं टोक टण्णकन सोडण्याचा खेळ बहुतेकांनी केलेला असतो. पट्टी वर-खाली थरथरते आणि आवाज येतो. तंत्रज्ञानाच्या भाषेत ही झाली कॅंटिलिव्हर पट्टी: एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. घराचा सज्जाही याच तत्त्वावर भिंतीतून बाहेर आलेला असतो.

पट्टी खाली वाकली की तिचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. वर वाकली की याच्या उलट होतं. म्हणून धातूच्या पातळ पट्टीच्या वर आणि खाली पीझेडटीचे थर चिकटवतात. पट्टी हलत राहिली की दोन्ही थरांतून आलटून पालटून, म्हणजे एसी स्वरूपाची वीज निघते. सगळ्यात जास्त ताण पक्क्या टोकाजवळ येतो, त्यामुळे थर तिथेच असणं महत्त्वाचं. मोकळ्या टोकावर एक छोटं वजन बसवतात. यंत्र हलतं तेव्हा हे वजन आपल्या जडत्वामुळे मागे राहू पाहतं आणि पट्टी वाकते.

पट्टीतून आलेली एसी वीज डायोडमधून नेऊन एकदिश केली जाते आणि कपॅसिटरमध्ये साठवली जाते. पुरेशी जमली की सेन्सर जागा होतो, मोजमाप घेतो, रेडिओवरून एक छोटा संदेश पाठवतो आणि पुन्हा झोपी जातो. थेंबथेंब गळणाऱ्या नळाखाली बादली ठेवायची आणि ती भरली की एकदम वापरायची, तसाच हा प्रकार.

मिरजेच्या सतारीत या तंत्राची गुरुकिल्ली

सांगली जिल्ह्यातलं मिरज सतार आणि तंबोऱ्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. इथल्या या दोन्ही वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारीत वाजवायच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही. तरीही वरच्या तारेवर एखादा स्वर वाजला की त्याच स्वरात लावलेली तरफेची तार आपोआप झंकारते. बाजूची, वेगळ्या स्वरात लावलेली तार मात्र जवळपास गप्प राहते.

याला अनुनाद किंवा रेझोनन्स म्हणतात. प्रत्येक तारेला, झोक्याला, पुलाला आणि पट्टीला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते, म्हणजे मोकळं सोडलं तर ती सेकंदाला किती वेळा हलेल तो आकडा. तो हर्ट्झमध्ये मोजतात. बाहेरचं कंपन त्याच वारंवारतेचं असेल तर थोड्या धक्क्यातही हालचाल वाढत जाते. विजेची पट्टी म्हणजे यंत्राच्या स्वरात लावलेली तरफेची तार.

लावणं कसं करायचं? पट्टी आखूड किंवा जाड केली की वारंवारता वाढते. टोकावरचं वजन वाढवलं की ती कमी होते. यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: टोकावरच्या वजनाने पट्टी स्थिर असताना किती मिलिमीटर झुकते ते मोजायचं, 250 ला त्या आकड्याने भागायचं आणि उत्तराचं वर्गमूळ काढायचं. आली ती वारंवारता. 0.1 मिलिमीटर झुकणारी पट्टी 50 हर्ट्झची, 0.4 मिलिमीटर झुकणारी 25 हर्ट्झची आणि 10 मिलिमीटर झुकणारी 5 हर्ट्झची.

इथेच एक मोठी अडचण दिसते. कंपन जितकं संथ, तितकी पट्टी लवचीक लागते. 1 हर्ट्झसाठी ती 25 सेंटिमीटर झुकायला हवी. सिरॅमिकचा थर एवढं वाकणं सहन करत नाही, तो तडकतो. म्हणूनच संथ, मोठ्या हेलकाव्यांपेक्षा जलद आणि बारीक थरथर या तंत्राला जास्त मानवते.

किती वीज मिळते? हिशेब करून पाहा

समजा, एक यंत्र 50 हर्ट्झने कंप पावतंय आणि त्याचं त्वरण 1 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे एक दशांश. ऐकायला हे मोठं वाटतं, पण यात यंत्राची प्रत्यक्ष हालचाल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीच असते. बरी चालणारी मोटार साधारण एवढी थरथरू शकते.

पट्टीच्या टोकावर 10 ग्रॅम वजन आहे आणि पट्टीत घर्षणाने होणारा ऱ्हास कमी आहे असं धरलं, तर अनुनाद अगदी जुळलेला असताना जास्तीत जास्त सुमारे 0.2 मिलिवॅट वीज मिळू शकते. डायोड आणि इतर सर्किटमधली घट वजा केली की हातात साधारण 0.1 मिलिवॅट उरते. मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग. आता याची तुलना रोजच्या वस्तूंशी करता येते:

- मोबाइल: 5,000 मिलिअँपियर-तासांच्या बॅटरीत सुमारे 69,000 ज्यूल ऊर्जा मावते. अशी एक पट्टी दिवसरात्र चालली तर दिवसाला सुमारे 8.6 ज्यूल देते. म्हणजे एकदा फोन चार्ज व्हायला जवळपास 22 वर्षं लागतील.
- घरातला दिवा: 9 वॅटचा एक एलईडी बल्ब लावायला अशा 90,000 पट्ट्या लागतील.
- कोयना प्रकल्प: सातारा जिल्ह्यातल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाची स्थापित क्षमता 1,960 मेगावॅट आहे. तेवढी वीज द्यायला सुमारे 20 लाख कोटी पट्ट्या लागतील.

वजन दुप्पट केलं की वीज दुप्पट होते. कंपनाचं त्वरण दुप्पट झालं की वीज चौपट होते. म्हणून जागा निवडणं हे पट्टी बनवण्याइतकंच महत्त्वाचं असतं. अमेरिकेतल्या बर्कले इथल्या विद्यापीठात शाद राउंडी, पॉल राइट आणि यान राबाय यांनी 2003 मध्ये घरातल्या आणि कारखान्यातल्या वस्तूंच्या कंपनांची यादी प्रसिद्ध केली. त्यात मिक्सरच्या बाहेरच्या कवचाचं त्वरण 6.4 मीटर प्रति सेकंद वर्ग होतं, तर गजबजलेल्या रस्त्यालगतच्या खिडकीचं फक्त 0.7. खिडकीपेक्षा मिक्सरवर कितीतरी जास्त वीज मिळेल, हे उघड आहे. पण मिक्सर दिवसातून पाचच मिनिटं चालतो.

त्या यादीत बऱ्याच घरगुती उपकरणांची वारंवारता 120 हर्ट्झच्या आसपास दिसते. कारण अमेरिकेत घरगुती वीजपुरवठा 60 हर्ट्झचा आहे आणि विजेवरच्या अनेक उपकरणांची थरथर त्याच्या दुप्पट वारंवारतेची असते. भारतात पुरवठा 50 हर्ट्झचा, त्यामुळे इथला आकडा 100 येतो. 120 हर्ट्झला लावलेली पट्टी जशीच्या तशी आणून इथे बसवली तर ती जवळपास गप्पच राहील.

सातारा-सांगलीत कुठे जमेल, कुठे नाही?

उपसा सिंचनाचे पंप. टेंभू योजनेत कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळच्या दुष्काळी भागाकडे नेलं जातं. म्हैसाळ आणि ताकारी योजनाही पंपांवरच चालतात. अशा पंपगृहातल्या मोटारी ठरावीक वेगाने फिरतात आणि आवर्तन सुरू असताना तासन्तास चालतात. दोन ध्रुवांची इंडक्शन मोटार मिनिटाला सुमारे 2,900 फेरे घेते, म्हणजे कंपन 48 हर्ट्झच्या आसपास. चार ध्रुवांची मोटार याच्या निम्म्या वेगाने फिरते. ध्रुव जास्त तसा वेग आणखी कमी. वेग स्थिर, कंपन सतत आणि वारंवारता फार कमी नाही. पट्टीसाठी ही चांगली जागा आहे.

साखर कारखाने. साखराळे, रेठरे बुद्रुक, सांगली अशा ठिकाणच्या कारखान्यांत गाळप सुरू असताना शेकडो मोटारी, गिअरबॉक्स आणि पंखे अखंड फिरतात. हंगाम संपला की सगळं थांबतं आणि पट्टीही थांबते. पण यंत्रच बंद असेल तर त्यावर लक्ष ठेवणाऱ्या सेन्सरलाही काम नसतं, त्यामुळे यात तोटा नाही. बॉयलरजवळच्या उष्ण जागा मात्र टाळाव्या लागतात. ठरावीक तापमानापुढे पीझेडटी आपला गुण गमावतं.

ट्रान्सफॉर्मर. त्याची गुणगुण 100 हर्ट्झची असते, कारण आतला लोखंडी गाभा विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित लांबतो आणि आखडतो. ग्रीडची वारंवारता जवळपास स्थिर असल्याने ही गुणगुणही सुरात असते. लावलेली पट्टी सहसा बेसूर होत नाही.

महामार्गावरचे पूल. इथे उत्साह आवरायला हवा. अनेक पुलांची नैसर्गिक वारंवारता 2 ते 10 हर्ट्झ एवढी कमी असते. गाडी गेली की पूल काही सेकंद हलतो आणि शांत होतो. प्रत्येक गाडीचं वजन आणि वेग वेगळा, त्यामुळे कंपनही वेगळं. पट्टी वीज देते, पण वर काढलेल्या आकड्याच्या खूपच कमी. त्यातही सांगलीचा आयर्विन पूल दगडी कमानींचा आहे. कमानीचा पूल ताठ असतो, तो पोलादी पुलासारखा हलत नाही.

पवनचक्क्या. चाळकेवाडी आणि वनकुसवडे पठारांवरच्या पवनचक्क्यांचे मनोरे वाऱ्याने डोलतात, पण एका हेलकाव्याला सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो. एवढ्या संथ हालचालीत साधी पट्टी निरुपयोगी. वरच्या पेटीतला गिअरबॉक्स आणि जनित्र मात्र वेगाने फिरतात, तिथे ती चालू शकते.

कोयनेचे भूकंप. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर परिसराला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे 180 लोकांचा जीव गेला आणि धरणालाही तडे गेले. धरणातल्या उपकरणाने गुरुत्व त्वरणाच्या 0.63 पट एवढं कमाल त्वरण नोंदवलं. एवढा हादरा असूनही त्यातून वीज मिळवण्याचा विचार व्यर्थ आहे. जोराचा हादरा काही सेकंदच टिकतो आणि पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. दहा सेकंद दहा मिलिवॅट मिळाली असं धरलं तरी एकूण ऊर्जा 0.1 ज्यूल. तीच गोष्ट नंतर येत राहिलेल्या छोट्या धक्क्यांची. 1967 च्या त्या नोंदीचा उपयोग मात्र जगभर धरणांच्या अभ्यासात होतो. कंपनाची किंमत इथे विजेत नसून माहितीत आहे.

एवढीशी वीज, मग तिचा उपयोग काय?

उत्तर याच शेवटच्या वाक्यात आहे. समजा, एकदा मोजमाप घेऊन संदेश पाठवायला सेन्सरला 0.03 ज्यूल लागतात. 0.1 मिलिवॅटने ही ऊर्जा पाच मिनिटांत जमते. झोपेत असताना होणारा बारीक खर्च धरला तरी दर दहा मिनिटांनी एक नोंद सहज पाठवता येते. बेअरिंगचं तापमान किंवा थरथर दहा मिनिटांनी एकदा कळली तरी ती भरपूर आहे, कारण बेअरिंग एका क्षणात खराब होत नाही. आधी ते गरम होतं, आवाज बदलतो, थरथर वाढते. ही चाहूल काही दिवस किंवा आठवडे आधी लागू शकते.

ती लागली नाही तर काय होतं, हे या भागात कोणाला सांगावं लागत नाही. ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडला तर आटपाडी-जतकडचं आवर्तन लांबतं आणि उभं पीक वाळतं. हंगामात गाळप थांबलं तर तोडलेला ऊस गाडीतच वाळतो आणि त्यातली साखर कमी होत जाते. हे नुकसान पट्टीतून निघणाऱ्या विजेच्या किमतीशी तोलताच येणार नाही.

कारखान्यात वीज शेजारीच असताना पट्टी कशाला, असाही प्रश्न येतो. मोटारीला 415 व्होल्टचा पुरवठा असतो, सेन्सरला लागतात दोन-तीन व्होल्ट. प्रत्येक सेन्सरपर्यंत वेगळी वायर, पाइप आणि वीज उतरवणारं सर्किट नेणं हे सेन्सरपेक्षा महाग पडतं. शंभर मोटारी असतील तर शंभर वायरी.

बॅटरी आहे की, तिचं काय?

बॅटरी हीच या तंत्राची खरी प्रतिस्पर्धी आहे. पेन्सिल सेलच्या आकाराच्या चांगल्या लिथियम सेलमध्ये सुमारे 31,000 ज्यूल ऊर्जा असते. 0.1 मिलिवॅटने वापरली तर कागदावरच्या हिशेबाने ती जवळपास 10 वर्षं पुरते. उष्णतेने आणि आपोआप होणाऱ्या गळतीने हा काळ कमी होतो, तरीही काही वर्षं नक्की मिळतात.

म्हणजे पट्टी तिथेच परवडते जिथे बॅटरी बदलणं अवघड, धोक्याचं किंवा फार खर्चाचं असतं: उंचावर, फिरत्या भागाशेजारी, बंद कवचात, किंवा जिथे हजारो सेन्सर आहेत तिथे. आणि जिथे ऊन पोहोचतं तिथे सौर पॅनेलच सरस ठरतं. सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे डोळे लावून असतात: 40 फुटांना इशारा पातळी, 45 फुटांना धोका पातळी, आणि 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. अशा ठिकाणच्या पातळीमापक सेन्सरला लहानसं सौर पॅनेल आणि बॅटरी हीच योग्य जोडी आहे. पुलाच्या थरथरीवर त्याला अवलंबून ठेवणं शहाणपणाचं नाही.

तंत्रातल्या उरलेल्या अडचणी

*अरुंद पट्टा.* वरच्या उदाहरणातली पट्टी 50 हर्ट्झला लावलेली असेल आणि मोटार भारामुळे 48 हर्ट्झवर आली, तर वीज एक पंचमांश होते. यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या लांबीच्या अनेक पट्ट्या लावतात, किंवा पट्टीच्या टोकाजवळ चुंबक ठेवून तिला वारंवारतेच्या मोठ्या पट्ट्यात हलायला लावतात.

*ठिसूळपणा.* सिरॅमिक जास्त वाकलं की तडकतं. 50 हर्ट्झची पट्टी दिवसाला 43 लाखांहून जास्त वेळा वाकते. वर्षानुवर्षं टिकायचं तर वाकणं मर्यादेत ठेवावं लागतं, आणि मर्यादा आली की वीजही कमी होते. पीव्हीडीएफ नावाचं लवचीक प्लॅस्टिकही दाबविद्युत गुण दाखवतं. ते तुटत नाही, पण वीज कमी देतं.

*शिसं.* पीझेडटीच्या वजनात 60 टक्क्यांहून जास्त शिसं असतं. लाखो सेन्सर कचऱ्यात गेले तर तो नवा प्रश्न होईल. शिसं नसलेल्या सिरॅमिकवर म्हणूनच जगभर काम सुरू आहे.

*चुंबकाची स्पर्धा.* वजन थोडं मोठं चालत असेल तर चुंबक आणि तारेचं वेटोळं वापरूनही कंपनांपासून वीज करता येते. ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टनच्या पर्पेच्युअम या कंपनीने रेल्वेच्या चाकांजवळील बेअरिंगवर नजर ठेवणारे सेन्सर याच पद्धतीने चालवले.

आणि एक गमतीची गोष्ट. किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी पंप बनवणाऱ्या अभियंत्यांचा सगळा प्रयत्न थरथर कमी करण्याचा असतो. यंत्र जितकं चांगलं, तितकी पट्टी उपाशी. जास्त वीज मिळू लागली तर आनंद मानण्याआधी बेअरिंग तपासायला हवं.

रस्ता आणि फरशीतून वीज: दावा कसा तपासायचा?

जपानमध्ये टोकियो स्टेशनवर 2006 आणि 2008 मध्ये प्रवाशांच्या पावलांपासून वीज घेणाऱ्या फरशीचे प्रयोग झाले. प्रयोग खरे होते, पण त्यातून मिळणारी वीज मर्यादित का राहते हे साध्या गुणाकाराने कळतं. 70 किलोचा माणूस 5 मिलिमीटर दबणाऱ्या फरशीवर उभा राहिला तर जास्तीत जास्त सुमारे 3.4 ज्यूल ऊर्जा मिळते. सगळीच्या सगळी वीज झाली असं मानलं तरी 10 वॅटचा दिवा त्यावर सेकंदाचा तिसरा भाग जळेल.

शिवाय ही ऊर्जा फुकट नसते. दबणाऱ्या फरशीवर चालणं म्हणजे वाळूत चालण्यासारखं, पायांना जास्त कष्ट. मुद्दाम दबणारा रस्ता केला तर जास्तीची ऊर्जा गाडीच्या डिझेलमधून येते. वाया जाणारी थरथर पकडणं वेगळं आणि मुद्दाम नवा अडथळा तयार करून वीज काढणं वेगळं.

म्हणून असा व्हिडिओ समोर आला की तीन प्रश्न विचारावेत:

1. वीज किती, हे वॅटमध्ये सांगितलंय का? नुसते व्होल्ट सांगितले असतील तर गॅस लायटरही हजारो व्होल्ट देतो.
2. ही वीज सतत मिळते की क्षणभर?
3. ऊर्जा मुळात कुठून आली आणि तिचा खर्च कोण करतंय?

घरी करून पाहण्यासारखं

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बझरची पितळी चकती काही रुपयांत मिळते. तिच्या मधल्या पांढऱ्या थराला एक आणि पितळेला एक वायर जोडून त्यांच्यामध्ये लाल एलईडी लावावा. अंधारात चकतीवर बोटाने टिचकी मारली की एलईडी क्षणभर चमकतो. मग तीच चकती पोलादी पट्टीच्या पक्क्या टोकाजवळ चिकटवून, मोकळ्या टोकावर एक नाणं लावून पट्टी छेडावी. जोरात छेडली तर बारीक लुकलुक दिसू शकते. नाणं मागे-पुढे सरकवलं की लय बदलते, म्हणजेच पट्टी लावली जाते. गॅस लायटर मात्र यासाठी उघडू नये.

ती क्षणभराची चमक हाच या तंत्राचा खरा आवाका आहे. तिच्यावर घर उजळत नाही. पण पंपगृहातल्या एखाद्या बेअरिंगची तक्रार वेळेवर पोहोचवायला तेवढी चमक पुरते.